सर्वांत जास्त जळणारा दिवा

त्यांचं खरं आडनाव हजेरीपटावर होतं, पण वीज कंपनीच्या त्या मजल्यावर त्यांना सगळे बंदकर म्हणत. जेवणाच्या सुट्टीत माणसं डबे घेऊन खाली गेली की हे मागे राहून एकेका टेबलावरचा दिवा मालवायचे, मग जिन्यातला, मग हात धुण्याच्या जागेतला. आधी ते नुसतं "अरे, कुणीतरी बंद कर रे तो" असं ओरडायचे. ओरडून काही होत नाही म्हटल्यावर स्वतःच करायला लागले, आणि आडनाव चिकटलं ते चिकटलंच. नव्याने रुजू झालेल्या एका मुलीला हे ठाऊक नव्हतं. ती सरळ येऊन म्हणाली, "बंदकर सर, इथे सही हवी होती." सगळा विभाग खाली मान घालून हसू दाबत बसला. त्यांनी शांतपणे सही केली आणि म्हणाले, "नाव वाचू नकोस आता, गोंधळशील."

त्यांचा विभाग बचतीचा. घरोघरी जाऊन विचारायचं: दिवे किती, कुठल्या खोलीत, कुठला किती वेळ जळतो. मग सांगायचं, की जुना पिवळा बल्ब काढा आणि हा नवा, कमी वीज खाणारा दिवा लावा. काम साधं वाटतं, पण माणसं स्वतःच्या घरातल्या दिव्यांबद्दल जितकं बिनधास्त खोटं बोलतात तितकं उत्पन्नाबद्दलही बोलत नसतील.

"आमच्याकडे ना, संध्याकाळशिवाय दिवाच लागत नाही," बनियनवर बसलेले एक गृहस्थ भर दुपारी सांगत होते. त्यांच्या डोक्यावर ट्यूब चालू होती. बंदकरांनी वर पाहिलं. मग गृहस्थांनीही वर पाहिलं.

"हा? हा आत्ता तुम्ही आलात म्हणून लावला."

"कालपासून चालू आहे तो!" आतून बायकोचा आवाज आला. "आणि न्हाणीघरातला परवापासून. तोही लिहून घ्या हो भाऊ."

अशी शेकडो घरं पाहून बंदकरांच्या एक गोष्ट लक्षात आली होती आणि ती त्यांनी साहेबांना पटवूनही दिली होती. लोक नवा दिवा घेतात आणि लावतात बैठकीच्या खोलीत. का, तर तो पाहुण्यांना दिसतो. पण ती खोली पाहुणे आले की उजळते आणि गेले की विझते. खरा दिवा जळतो तो स्वयंपाकघरात, ओट्यावर, नाहीतर जिथे कुणी काम करत बसलेलं असतं तिथे. बचत करायची तर आधी तोच बदलला पाहिजे. अडगळीतला, माळ्यावरचा, वर्षातून चारदा लागणारा दिवा जुनाच राहिला तरी चालेल. त्याच्यावर नव्या दिव्याची किंमतसुद्धा वसूल होत नाही. "सर्वांत जास्त जळणारा दिवा आधी," हे वाक्य ते प्रत्येक सोसायटीच्या सभेत म्हणत. ते खरंही होतं. आजही खरं आहे.

एका संध्याकाळी जेवताना त्यांनी घरात हाच प्रश्न कोड्यासारखा टाकला. "सांगा, आपल्या घरातला सर्वांत जास्त जळणारा दिवा कुठला?"

"तुमच्या डोक्यातला," लेक म्हणाली.

"चेष्टा नको. विचार करून सांग."

"अहो, माझाच असेल," बायको म्हणाली. "दुसरा कुठला?"

ती रफूचं काम करायची. स्वयंपाकघर आणि मागची खोली यांच्या मधल्या कोपऱ्यात तिची जागा होती. तिथे खिडकी नव्हती. एक बुटका पाट, मागे टेकायला गादीचा तुकडा, आणि वरून लांब वायरवर खाली ओढलेला साठ वॅटचा बल्ब, त्याला पत्र्याची टोपी. चौकातल्या लाँड्रीवाल्याकडे कुणाचा सूट उंदराने कुरतडलेला येई, कुणाच्या शालीला निखाऱ्याने भोक पडलेलं असे. लाँड्रीवाला ते संध्याकाळी पाठवायचा आणि बहुतेक वेळा सकाळी मागायचा. घरातलं सगळं आवरून ती बसायची. कापडाच्या आतल्या दुमडीतून धागा ओढून काढायचा, सुईत घ्यायचा, आणि उभा-आडवा विणत भोक भरून काढायचं. दुमडीत धागा मिळाला तर प्रश्नच नसे. नाही मिळाला, की मग डब्यातून जुळणारा धागा शोधायचा, आणि तिथेच रफूवालीची परीक्षा.

त्या परीक्षेत ती कधी नापास झाली नव्हती. लाँड्रीवाला गिऱ्हाइकाला कोट उलगडून म्हणायचा, "शोधून दाखवा भोक कुठे होतं. सापडलं तर पैसे देऊ नका." गिऱ्हाईक खिडकीशी नेऊन बघे, आणि पैसे देऊन जाई.

यात तिचं एक गुपित होतं, जे तिला स्वतःलाही गुपित वाटत नसे. तो पिवळा बल्ब खोटं बोलतो हे तिला ठाऊक होतं. त्याच्याखाली निळा मळकट दिसतो, तपकिरी उजळतो, पांढऱ्यावर साय येते. वीसेक वर्षं एकाच बल्बखाली बसून तो कसं आणि किती खोटं बोलतो हे तिला पाठ झालं होतं. एखादा धागा जरा जास्तच चांगला जुळला तर ती तो बाजूला ठेवायची आणि किंचित न जुळणारा उचलायची. सकाळी उन्हात तोच बरोबर निघायचा.

बंदकरांनी तो बल्ब काढला आणि नवा दिवा लावला. पांढऱ्या नळीच्या वेटोळ्यांचा. तेव्हा ते नवेच आले होते.

"फार पांढरा आहे हो. दवाखान्यात बसल्यासारखं वाटतंय."

"सवय होईल. उजेड त्याच्याहून जास्तच आहे. यंत्र लावून मोजलाय मी."

खरंच मोजला होता. कचेरीतलं उजेड मोजायचं यंत्र घरी आणून, तिच्या मांडीवर ठेवून. ती यंत्रापुढे काय बोलणार?

पुढच्या महिन्याचं बिल खाली आलं. बंदकरांना इतका आनंद झाला, की सोसायट्यांच्या सभांतून ते स्वतःच्या घराचं उदाहरण द्यायला लागले. "आमची मंडळी रोज त्या दिव्याखाली बसून रफूचं बारीक काम करतात," ते सांगत. "यापेक्षा मोठा दाखला कुठला?" बायका मान डोलावत.

आणि घरी, सकाळी, बायको खिडकीशी उभी राहून केलेलं काम उसवत असे.

"काल बरोबर जुळला होता हो. आता बघा ना, हिरवट दिसतोय."

बंदकर चहाचा कप घेऊन बघत. "मला तर काही फरक दिसत नाही."

"तुम्हाला नाही दिसणार. गिऱ्हाइकाला दिसेल."

"डोळे दाखवून घे एकदा. वय होतं आपलं."

ती डोळे दाखवायला लगेच गेली नाही. तिने दुसराच मार्ग काढला. कापड आणि धाग्यांचा डबा घेऊन ती अडगळीच्या खोलीत जायला लागली. तिथे ट्रंका, जुन्या गाद्या आणि मोडका पंखा यांच्यामध्ये कशीबशी उभी राहण्यापुरती जागा होती, आणि वर जुना बल्ब होता. बंदकरांनीच तो तसा ठेवला होता. क्वचित लागणारा दिवा बदलायचा नाही, या नियमाप्रमाणे. ती तिथे उभ्या उभ्या धागा निवडायची आणि मग कोपऱ्यात येऊन विणायची. उसवणं थांबलं.

हे असंच चाललं असतं तर ही गोष्ट सांगायचं कारणच नव्हतं.

पण बंदकरांना एक सवय होती. दिवा विझलेला असला तरी त्याच्याजवळ तळवा नेऊन तो गरम आहे का हे ते बघत. लोकांच्या घरी खरं-खोटं करायला ही युक्ती फार उपयोगी पडे. एका संध्याकाळी ट्रंकेतून काही काढायला ते अडगळीत गेले आणि सवयीने त्यांचा तळवा वर गेला. बल्ब तापलेला. दुसऱ्या दिवशीही तापलेला.

"अडगळीत काय करत असतेस गं?"

"धागे बघते. तिथे जरा बरं दिसतं मला."

"तिथे? अगं, त्या जुन्या साठच्याखाली? तुझ्या कोपऱ्यात त्याच्यापेक्षा जास्त उजेड आहे."

"असेल. पण मला तिथे बरं दिसतं."

बंदकर हसले. वाद घातला नाही, रागावलेही नाहीत. त्यांनी तेच केलं जे त्यांनी इतर कुठल्याही घरात करायला सांगितलं असतं. जो दिवा क्वचित लागत होता तो आता रोज लागतो, म्हणजे त्याचा हिशेब बदलला. आता तोही बदलायला हवा. रविवारी सकाळी ते स्टूल घेऊन अडगळीत शिरले. ती दारात येऊन उभी राहिली. हातात कुणाचातरी करडा सदरा होता.

"हा राहू द्या ना," ती म्हणाली.

"आता रोज जळतो तो. तूच वापर वाढवलास," ते स्टुलावरून म्हणाले. "एकाच घरात एक नवा आणि एक जुना कशाला? लोकांना मी काय सांगतो आणि माझ्या घरात काय?"

स्टूल हलत होतं, म्हणून तिने ते एका हाताने धरून ठेवलं. त्यांनी जुना बल्ब खाली दिला तो तिनेच घेतला आणि गरम आहे म्हणून पदरात धरला.

पुढे सगळं ओळीने झालं. घरात आता जिकडे जावं तिकडे एकच पांढरा उजेड, आणि त्याच्याखाली जे जुळे ते सकाळी जुळत नसे. या नव्या दिव्याचं खोटं तिला पाठ नव्हतं. तो खोटं बोलतो हेच तिला माहीत नव्हतं, कारण नवरा मोजून सांगत होता. दिव्यावर शंका घेता येत नाही म्हटल्यावर उरले तिचे डोळे. ती डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर म्हणाले, डोळे छान आहेत, जवळचा नंबर थोडा वाढलाय, या वयात वाढतोच. नवा चष्मा आला. त्याने अक्षरं ठळक दिसायला लागली. रंग होते तसेच राहिले.

मग तो कोट आला. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने परगावी जाणार होतं. कोट त्याच्या वडिलांचा, वडील आता नाहीत. कॉफीच्या रंगाचं जाड लोकरी कापड, आणि खांद्याजवळ कसरीने खाल्लेलं. दुमडीतला धागा काढायला गेली, तर दुमड आधीच कुणी शिंप्याने कापून टाकलेली. दिवस मावळून गेला होता. तिने डब्यातले सगळे तपकिरी काढले, कोपऱ्यात पाहिले, अडगळीत जाऊन पाहिले, परत कोपऱ्यात पाहिले. एक धागा तंतोतंत जुळला. त्याच्यावर तिने काम केलं, आणि काम नेहमीसारखंच सुरेख झालं. लाँड्रीवाल्याचा माणूस रात्रीच येऊन कोट घेऊन गेला.

चार दिवसांनी लाँड्रीवाला स्वतः आला. दारातच उभा राहिला. "वहिनी, बघा हो हे."

उन्हात कोटाच्या खांद्यावर तांबूस चट्टा दिसत होता, जणू कुणी विटेच्या भुकटीचं बोट पुसलंय. विणकामात खोट नव्हती. रंगच दुसरा होता.

"ते गृहस्थ रडायचे बाकी होते," लाँड्रीवाला म्हणाला. "म्हणाले, भोक बरं होतं. मी काय बोलणार? तुमच्या हातून असं... चालायचंच म्हणा. डोळ्यांचं वय झालं की होतं."

तिने कोट ठेवून घेतला, सगळं उसवलं, दिवसाउजेडी धागा निवडून पुन्हा केलं आणि पैसे घेतले नाहीत. मग धाग्यांचा डबा उचलून कपाटाच्या वरच्या खणात ठेवला. "आता नको," एवढंच म्हणाली. बंदकरांना वाटलं, बरं झालं, आयुष्यभर पाठ मोडून बसली, आता जरा आराम करील.

त्या कोपऱ्यात दिवा लागायचा थांबला. दोन महिन्यांनी बिल आणखी खाली आलं.

"बघा," बंदकर जेवताना म्हणाले. "अजून उतरलं. नव्या दिव्याचा खरा परिणाम हळूहळू दिसतो."

लेकीने ताटातला हात थांबवला. "बाबा, आईने काम सोडलंय. दिवाच लागत नाही तिचा. तुम्ही त्याचीसुद्धा बचत धरली?"

बायको म्हणाली, "जाऊ दे गं. भात घे."

त्या रात्री बंदकरांना अजून काही कळलेलं नव्हतं. फक्त लेकीचा सूर बोचला होता. कळलं ते बऱ्याच काळाने, लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेल्यानंतर, कंपनीच्या चाचणीच्या खोलीत. दिव्यांचा एक नवा साठा आला होता आणि तो पास करायचा की नाही हे ठरवायला विभागातून बंदकरांना पाठवलं होतं. तिथे चाचण्या घेणाऱ्या बाईंनी टेबलावर रंगीत कापडाच्या पट्ट्या मांडल्या आणि वर वेटोळ्यांचा एक जुना दिवा लावला.

"या दोन पट्ट्या बघा. कशा आहेत?"

"एकाच रंगाच्या. कॉफी."

बाईंनी दोन्ही पट्ट्या उचलून खिडकीशी नेल्या. एक कॉफीच होती. दुसरी तांबूस होती, विटेसारखी. बंदकरांनासुद्धा फरक दिसला.

"हे स्वस्तातले सुरुवातीचे दिवे उजेड भरपूर द्यायचे," बाई सांगत होत्या, "पण त्यांच्या उजेडात काही रंग जवळजवळ नसायचेच. दिव्यात जो रंग नाही तो कापडावर कुठून दिसणार? आताचे चांगले दिवे तसे नाहीत. वीज तितकीच कमी खातात आणि रंग खरे दाखवतात. पण बघून घ्यावे लागतात."

"हे आम्हाला कधी कुणी सांगितलं नाही."

"आमच्या अहवालात असतं की दरवेळी. तुम्ही लोक वॅट आणि तास एवढंच विचारता," बाई हसून म्हणाल्या. "दिव्याखाली बसून माणूस काय करतो, हे तुमच्यापैकी कुणी विचारतं का?"

बंदकर खुर्चीत बसले. बाईंनी पाणी आणून दिलं. त्यांना वाटलं, यांना उन्हाचा त्रास झाला असेल.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं. स्वयंपाकघरातच सांगितलं, ती भाजी निवडत होती तेव्हा. पट्ट्यांचं सांगितलं, कोटाचं सांगितलं, अडगळीतल्या बल्बचं सांगताना मध्येच थांबले. तिने भाजी निवडणं सोडलं नाही.

"म्हणजे माझे डोळे..."

"चांगले होते. तुझं काहीच चुकलं नव्हतं."

तिने एक पिकलेलं पान बाजूला टाकलं. तिला आनंद होईल असं बंदकरांना वाटलं होतं का, कोण जाणे. तो झालेला दिसला नाही.

"मी तुम्हाला म्हटलं होतं, तिथे मला बरं दिसतं," ती म्हणाली.

"म्हटलं होतंस."

"तुम्ही म्हणालात, मोजलंय. मला वाटलं, तुमचा आयुष्यभराचा धंदा आहे, तुम्हाला कळतं. मला आपलं नुसतं वाटतं." मग जराशाने म्हणाली, "माझंही चुकलंच. भांडायला हवं होतं मी. स्टूल काय धरून बसले!"

"नाही. तू नाही, मीच..."

"भाजीत टोमॅटो घालू का?"

दुसऱ्या दिवशी बंदकर चाचणीच्या बाईंना विचारून एक चांगला दिवा घेऊन आले. मग चौकात जाऊन लाँड्रीवाल्याला सगळं समजावून सांगितलं. तो इस्त्री थांबवून ऐकत होता.

"साहेब," तो शेवटी म्हणाला, "बायकोची बाजू घ्यावी माणसाने. मीही घेतो. पण म्हणून दिव्यावर ढकलायचं? तुम्हीच तर आमच्या दुकानात हे दिवे लावून गेलात!" आणि तो मनापासून हसला. मग वहिनींबद्दलच्या जुन्या आदराने त्याने फळीवरून एक शाल काढून दिली. अबोली रंगाची, काठाजवळ भोक. "घाई नाही. बघा म्हणावं, जमलं तर."

तिने डबा खाली काढला. चष्मा पुसला. नव्या दिव्याखाली बसून धागे पाहिले आणि एक निवडला. तो घेऊन खिडकीशी गेली, बाहेर अजून ऊन होतं. परत येऊन दिव्याखाली पाहिला. परत खिडकीशी. बंदकर वर्तमानपत्र धरून बसले होते आणि पान उलटत नव्हते. ती असं किती वेळा गेली-आली कोण जाणे. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत निघून गेलं.

"जुळतोय का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"जुळतोय. इथेही आणि तिथेही."

"मग?"

ती धाग्याकडे बघत राहिली. "जुळतोय हे दिसतंय मला. पण भरवसा वाटत नाही. पूर्वी बघायचे आणि हात चालायला लागायचा. आता बघते आणि परत बघावंसं वाटतं." तिने धागा पुन्हा रिळावर गुंडाळला. शाल घडीवर घडी घालून पिशवीत ठेवली. "उद्या कचेरीला जाताना देऊन या. लोकाच्या वस्तूवर प्रयोग नकोत."

"राहू दे की दोन दिवस. घाई नाही म्हणालाय तो."

"नको. आणि डोळ्यांचं कारण सांगू नका हं. तो परत वयावर येईल."

सकाळी लाँड्रीत गर्दी होती. कुणाला सदरा हवा होता, कुणाचा हिशेब चुकला होता. लाँड्रीवाल्याने बंदकरांच्या हातातली पिशवी पाहिली आणि लोकांच्या खांद्यांवरून हात लांब करून ती घेतली.

"काय झालं साहेब? नाही जमलं वहिनींना?"

बंदकरांच्या मागचा माणूस पुढे सरकायला बघत होता.

"जमलं असतं," ते म्हणाले.

लाँड्रीवाल्याने मान हलवली, शाल फळीवर परत टाकली आणि पुढच्या माणसाची पावती मागितली.